बाकी रकमेची खरी नोंद कोणाकडे? : रिॲक्ट नेटिव्ह ॲपमधील मध्यवर्ती स्टेटविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातील म्हापसा येथील एका किराणा-वितरकासाठी तुमच्या तिघांच्या गटाने रिॲक्ट नेटिव्हमध्ये (जावास्क्रिप्टमधून मोबाइल ॲप लिहिण्याच्या साधनात) ॲप तयार केले आहे. वितरकाचे सेल्समन बार्देश, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांतील दुकानांत जाऊन ऑर्डर घेतात आणि मागील बाकी वसूल करतात. दुकानाच्या तपशिलात वसुली नोंदवली की तिथला आकडा बरोबर कमी होतो. मात्र मागे यादीवर आल्यावर जुनाच आकडा दिसतो आणि ‘आजचा हिशेब’ या स्क्रीनवर तिसराच असतो. सगळे स्टेट, म्हणजे ॲपची त्या क्षणाची माहिती, यूजस्टेटमध्ये (एका कंपोनंटपुरती माहिती धरून ठेवणाऱ्या सोयीत) असून ते प्रॉप्समधून, म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेल्या माहितीतून, चार-पाच कंपोनंट (पडद्याचे सुटे भाग) ओलांडत खाली जाते. अशा वेळी रिडक्स (सगळे स्टेट एका जागी ठेवणारी लायब्ररी) आणावे का, आणि आणलेच तर सर्व माहिती त्यातच ठेवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

साधन कोणते घ्यावे हे ठरवण्याआधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहू, कारण तुम्ही दिलेल्या वर्णनात ते स्पष्ट दिसते. यादीवरून तपशिलाकडे जाताना तुम्ही दुकानाचा संपूर्ण ऑब्जेक्ट (त्याच्या माहितीचा गठ्ठा) नेव्हिगेशनच्या पॅरामीटरमधून पाठवता, आणि तपशिलाची स्क्रीन तोच ऑब्जेक्ट यूजस्टेटची सुरुवातीची किंमत म्हणून उचलते. त्या क्षणी एका दुकानाच्या दोन प्रती होतात. दुकानाची बाकी ४,२५० रुपये आहे आणि दुकानदाराने १,५०० दिले असे समजा. तपशिलाच्या प्रतीत २,७५० होतात आणि यादीच्या प्रतीत ४,२५० तसेच राहतात. हिशेबाच्या स्क्रीनने सकाळी सर्व्हरकडून स्वतःसाठी वेगळी यादी मागवलेली असते, म्हणजे ती तिसरी प्रत झाली. वेबवर हा दोष पुष्कळदा झाकला जातो, कारण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेल्यावर आधीचे पान सहसा मोडले जाते आणि परत आल्यावर नव्याने उभे राहते. मोबाइलमध्ये स्टॅक नेव्हिगेशन असते. तिथे तपशिलाची स्क्रीन यादीच्या वर चढते आणि यादी तिच्याखाली आपल्या जुन्या स्टेटसह जिवंत राहते. मागे येणे म्हणजे नवी यादी उघडणे नव्हे, हे मोबाइलवर नव्याने काम करणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागतो.

म्हणून पहिली दुरुस्ती कोणत्याही लायब्ररीशिवाय करता येते. पॅरामीटरमधून फक्त दुकानाचा क्रमांक पाठवावा आणि दुकान कसे आहे हे प्रत्येक स्क्रीनने एकाच जागी विचारावे. स्क्रीन बदलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिॲक्ट नेव्हिगेशन या लायब्ररीच्या मार्गदर्शिकेतही हाच सल्ला दिलेला आहे. ‘एकच जागा’ म्हटल्यावर ती जागा कुठे असावी हा प्रश्न येतो, आणि मध्यवर्ती स्टेटचा विचार खरा तिथून सुरू होतो.

या विचाराचा उगमही अशाच दुखण्यात आहे. २०१४ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी फ्लक्स ही रचना जाहीरपणे मांडली, तेव्हा त्यांनी न वाचलेल्या संदेशांच्या आकड्याचे उदाहरण दिले होते. वर लाल आकडा दिसायचा, उघडून पाहावे तर नवा संदेश नसायचा, आणि दुरुस्त केलेला हा दोष काही दिवसांनी पुन्हा डोके वर काढायचा. एका माहितीच्या अनेक प्रती अनेक ठिकाणांहून बदलल्या जात होत्या, हे त्याचे कारण होते. २०१५ मध्ये डॅन अब्रामोव आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स तयार केले, तेव्हा त्यात तीन नियम घातले. सर्व स्टेट एका स्टोअरमध्ये (साठ्यात) राहील, ते थेट बदलता येणार नाही, आणि बदल होईल तो फक्त शुद्ध फंक्शनद्वारे, म्हणजे जुने स्टेट आणि घडलेली घटना (ॲक्शन) घेऊन नवे स्टेट परत करणाऱ्या रिड्यूसरद्वारे. पुढच्याच वर्षी स्वतः अब्रामोव यांनी लिहिले की प्रत्येक ॲपला रिडक्स लागतेच असे नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी कोणती तुमच्या ॲपला लागू पडते हे ठरवण्यासाठी आधी माहितीची मालकी पाहावी लागते.

शोधाच्या चौकटीत सेल्समनने टाइप केलेली अक्षरे त्या स्क्रीनच्या मालकीची आहेत. खालून वर येणारी खिडकी उघडी आहे की बंद, कोणता टॅब निवडला आहे, हेही तसेच. ते यूजस्टेटमध्येच राहू द्यावे. रिडक्स आणल्याच्या उत्साहात प्रत्येक कळ दाबल्यावर ॲक्शन पाठवणारे ॲप मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि स्वस्त अँड्रॉइड फोनवर ते टाइप करताना अडखळतात.

भाषा, रंगसंगती, लॉगिन केलेली व्यक्ती ही माहिती सगळीकडे लागते पण क्वचितच बदलते. गोव्यातील ॲपमध्ये मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी आणि इंग्रजी अशी निवड ठेवावी लागते, आणि ती निवड रिॲक्टच्या कॉन्टेक्स्टमध्ये (प्रॉप्सशिवाय आतल्या कंपोनंटना वाचता येणाऱ्या सामाईक जागेत) छान बसते. कॉन्टेक्स्टची मर्यादा एवढीच की त्याची किंमत बदलली की ती वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो (नव्याने रेखाटला जातो), त्याला त्यातला एकच कोपरा हवा असला तरी. दुकानांची यादी कॉन्टेक्स्टमध्ये घातली तर एका दुकानाच्या वसुलीने सगळी यादी हलेल.

आता मुख्य भाग. दुकाने, माल, दर आणि बाकी यांचा मालक सर्व्हर आहे. फोनवर असते ती त्यांची शेवटची ठाऊक असलेली प्रत. अशा प्रतीसाठी टॅनस्टॅक क्वेरी ही लायब्ररी किंवा रिडक्स टूलकिटमधील (रिडक्सच्या अधिकृत साधनसंचातील) आरटीके क्वेरी उत्तम आहे. मागवणे, कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवणे, शिळे झाल्यावर पुन्हा मागवणे, चूक झाल्यास पुन्हा प्रयत्न करणे हे सर्व ती साधने सांभाळतात, आणि नेहमीच्या ऑनलाइन ॲपमध्ये स्टोअरचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे गेल्यावर मध्यवर्ती स्टेट म्हणून हाताशी फार थोडे उरते. मोबाइलवर टॅनस्टॅक क्वेरी वापरताना मात्र एक जोडणी स्वतः करावी लागते. ब्राउझरची खिडकी पुन्हा समोर आली किंवा इंटरनेट परत आले, हे तिला वेबवर आपोआप समजते. रिॲक्ट नेटिव्हमध्ये पहिली गोष्ट ॲपस्टेटवरून (ॲप समोर आहे का ते सांगणाऱ्या सोयीवरून) आणि दुसरी नेटइन्फोवरून (नेटवर्कची स्थिती सांगणाऱ्या लायब्ररीवरून) तुम्ही कळवायची असते. ती जोडणी न केल्यामुळे ‘कॅश ताजी होत नाही’ अशी तक्रार करणारे पुष्कळ जण भेटतात.

तुमचे ॲप मात्र नेहमीचे ऑनलाइन ॲप नाही. सत्तरीच्या आतल्या गावांत नेटवर्क जाते आणि सेल्समनला तिथेच वसुलीची नोंद करायची असते. त्यामुळे फोनकडे स्वतःच्या मालकीचीही एक गोष्ट असते, ती म्हणजे अजून सर्व्हरपर्यंत न पोहोचलेल्या नोंदींची रांग. पडद्यावर दिसणारी बाकी या दोहोंतून निघते : सर्व्हरने शेवटी सांगितलेली बाकी वजा रांगेतील त्या दुकानाच्या वसुल्यांची बेरीज. हा आकडा साठवू नये. तो सिलेक्टरमधून, म्हणजे स्टेट वाचून उत्तर काढणाऱ्या फंक्शनमधून, दर वेळी काढावा. यादी, तपशील आणि हिशेब या तिन्ही स्क्रीन एकच सिलेक्टर वापरतील तर त्यांचे आकडे वेगळे पडण्याला वावच राहणार नाही.

या वजाबाकीत एक बारीक फट आहे आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण याच ठिकाणी मला रिडक्सची बाजू घ्यावीशी वाटते. नेटवर्क आले, रांगेतील १,५०० रुपयांची नोंद सर्व्हरकडे गेली आणि सर्व्हरने नवी बाकी २,७५० कळवली. आता दोन बदल व्हायचे आहेत : दुकानाच्या प्रतीत २,७५० लिहायचे आणि रांगेतून ती नोंद काढायची. हे दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या क्षणी झाले तर मध्ये एक क्षण असा येतो की नवी बाकी लिहिली गेली आहे आणि नोंदही रांगेत आहे. त्या क्षणी पडद्यावर १,२५० दिसतात. तो क्षण डोळ्याला न दिसण्याइतका लहान असेल, परंतु नेमका त्याच वेळी फोनने ॲप बंद केले आणि अर्धाच बदल साठवला गेला असेल, तर चुकीचा आकडा पुढे दिवसभर राहील. रिडक्समध्ये ‘वसुली पोहोचली’ अशी एकच ॲक्शन पाठवली की दुकानांचा रिड्यूसर आणि रांगेचा रिड्यूसर दोघेही तिला प्रतिसाद देतात आणि स्टेट एका पावलात जुन्यावरून नव्यावर जाते. मधली अवस्था अस्तित्वातच येत नाही. साठवतानाही दुकाने आणि रांग हे दोन्ही भाग एकाच वेळी, एकाच नावाच्या नोंदीत लिहावेत, नाही तर मेमरीत मिळवलेली एकसंधता डिस्कवर हरवते.

याचाच पुढचा प्रकार अधिक त्रासदायक आहे. सर्व्हरने नोंद स्वीकारली पण त्याचे उत्तर वाटेत हरवले. फोनच्या दृष्टीने नोंद अजून रांगेत आहे. इतक्यात दुकानांची यादी ताजी झाली आणि तिच्यात २,७५० आले. पडद्यावर पुन्हा १,२५०. त्यावर उपाय असा की प्रत्येक नोंदीला ती तयार होतानाच, म्हणजे पाठवण्याच्या कितीतरी आधी, फोनने एक कधीही न बदलणारा वेगळा क्रमांक द्यावा. सर्व्हरने तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे, आणि यादी पाठवताना या फोनकडून स्वीकारलेल्या अलीकडच्या नोंदींचे क्रमांकही सोबत द्यावेत. यादी आल्याची ॲक्शन घडली की त्याच पावलात रांगेचा रिड्यूसर ते क्रमांक काढून टाकतो. शिवाय प्रत्येक दुकानाच्या नोंदीवर सर्व्हरने वाढत जाणारा आवृत्ती-क्रमांक ठेवावा, म्हणजे आधी निघालेली पण उशिरा पोहोचलेली जुनी यादी नव्या बाकीवर लिहिली जाणार नाही. सर्व्हरचे काम तुमच्या गटाबाहेर कोणी करत असेल तर या तीन गोष्टी त्यांच्याशी आधी बोलून घ्या. फोनवरचे कितीही चांगले स्टोअर त्यांची जागा घेऊ शकत नाही.

रांगेतील नोंदीची अवस्था एकाच शब्दात ठेवावी : मसुदा, रांगेत, पाठवत आहे, पोहोचली, नाकारली. पाठवत आहे का, चूक झाली का, पूर्ण झाले का, असे होय-नाही एवढेच सांगणारे तीन चल (व्हेरिएबल) ठेवले की त्यांच्या आठ जोड्या होतात आणि त्यांतल्या निम्म्या निरर्थक असतात. ‘नाकारली’ ही अवस्था अनेक जण विसरतात. दुकान बंद केलेले आहे, रक्कम बाकीपेक्षा जास्त आहे, अशा कारणाने सर्व्हर नकार देतो तेव्हा ती नोंद रांगेतून गुपचूप नाहीशी होता कामा नये, कारण सेल्समनच्या खिशात रोख रक्कम खरोखर आलेली असते. ती वेगळ्या यादीत, कारणासह, त्याला दिसली पाहिजे. ॲप पुन्हा सुरू होताना ‘पाठवत आहे’ या अवस्थेत अडकलेल्या सर्व नोंदी परत ‘रांगेत’ आणाव्यात. आधीचा क्रमांक तोच असल्यामुळे पुन्हा पाठवण्यात धोका नसतो.

ॲप मध्येच बंद होणे ही मोबाइलवरची रोजची गोष्ट आहे, आणि ती मी नुकसान करून शिकलो. काही वर्षांपूर्वी काजूच्या हंगामात एका खरेदी केंद्रासाठी आम्ही ॲप केले होते. शेतकरी काजूबियांची पोती घेऊन येत, काट्यावर वजन होई, आमच्या ॲपमध्ये पोत्यागणिक वजन लिहिले जाई, शेवटी कागदी पावतीचा फोटो काढून नोंद जतन होई. मसुदा मी फक्त मेमरीतील स्टोअरमध्ये ठेवला होता, ‘जतन करा’ दाबल्यावर तो डिस्कवर जात असे. चाचणीत सर्व नीट चालले, कारण आमच्या फोनांत मेमरी भरपूर होती. केंद्रावरचा फोन साधा होता. फोटोसाठी कॅमेरा उघडला की अँड्रॉइड जागा करण्यासाठी आमच्या ॲपची प्रोसेस संपवून टाकत असे, आणि फोटो काढून परत आल्यावर ॲप कोऱ्या फॉर्मसह उभे राही. एका सकाळी अकरा पोत्यांची वजने अशी गेली, आणि पोती तोवर ढिगावर ओतलेली होती. तो शेतकरी मला काही बोलला नाही, केंद्राच्या माणसाने अंदाजाने आकडा धरला आणि दोघांनी मान्य केला. तेव्हापासून मी मसुदा प्रत्येक ओळीनंतर डिस्कवर लिहितो, आणि फोनवरील स्टेटची रचना करताना पहिला प्रश्न हाच विचारतो की या क्षणी प्रोसेस संपली तर काय उरेल.

त्यामुळे काय साठवायचे याचा निर्णय स्टोअरच्या रचनेइतकाच महत्त्वाचा आहे. रिडक्स-पर्सिस्ट (स्टोअर डिस्कवर साठवणारी लायब्ररी) वापरणार असाल तर कोणते भाग साठवायचे त्यांची नावे स्वतः लिहून द्या. सगळे स्टेट सरसकट साठवू नका. ‘लोड होत आहे’ ही खूण डिस्कवर गेली की पुढच्या वेळी ॲप उघडताच गोल फिरणारे चक्र दिसते आणि ते थांबतच नाही. एसिंकस्टोरेज या रिॲक्ट नेटिव्हमधील नेहमीच्या साठवण-लायब्ररीची अँड्रॉइडवरील मूळ मर्यादा ६ एमबी असते, आणि रिडक्स-पर्सिस्ट एखाद्या भागात काहीही बदलले की तो भाग पुन्हा मजकुरात रूपांतरित करून लिहिते, त्यामुळे मोठी यादी आणि वारंवार बदलणारा मसुदा एकाच भागात ठेवू नयेत. मी हल्ली साठवणीसाठी एमएमकेव्ही वापरतो. ते टेन्सेंट या चिनी कंपनीत वीचॅट या संदेश-ॲपसाठी तयार झाले, त्यात लिहिणे-वाचणे तिथल्या तिथे पूर्ण होते, वाट पाहावी लागत नाही, आणि मसुद्यासाठी हा गुण मोलाचा आहे. काही शे दुकाने आणि त्यांच्या बाक्या एवढा पसारा असेल तर हे पुरते. माल आणि जुन्या बिलांसह नोंदी काही हजारांच्या पुढे जाणार असतील तर एसक्यूलाइट हा फोनवर चालणारा डेटाबेस घ्या आणि स्टोअरमध्ये फक्त पडद्याला लागणारे ठेवा. लॉगिनचे टोकन (सर्व्हरला ओळख पटवणारी गुप्त खूण) यांपैकी कशातही ठेवू नका. त्याची जागा आयफोनवर कीचेनमध्ये आणि अँड्रॉइडवर कीस्टोअरच्या आधाराने चालणाऱ्या सुरक्षित साठ्यात आहे.

साठवलेल्या स्टेटला आवृत्ती-क्रमांक द्या आणि जुन्या आकारातून नव्यात नेणारे फंक्शन लिहा. वापरकर्ता प्रत्येक अपडेट घेतोच असे नाही, तिसऱ्या आवृत्तीवरून एकदम सातवीवर येतो, त्यामुळे मधल्या प्रत्येक पायरीचे रूपांतर शिल्लक ठेवावे लागते.

लॉगआउटविषयीही आताच ठरवा. वितरकाकडे एक फोन दोन सेल्समन पाळीपाळीने वापरतात असे तुम्ही लिहिले आहे. लॉगआउटच्या ॲक्शनवर मूळ रिड्यूसरने सर्व भाग सुरुवातीच्या स्थितीला न्यावेत आणि कॅशही रिकामी करावी, नाही तर दुसऱ्याला पहिल्याच्या मार्गावरची दुकाने दिसतील. रांग मात्र या नियमाला अपवाद असते. तिच्यात न पोहोचलेली वसुली असेल तर लॉगआउट थांबवून तसे सांगावे, किंवा प्रत्येक नोंदीवर नोंदवणाऱ्याचा क्रमांक ठेवून रांग तशीच राखावी. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण नेटवर्क नसलेल्या जागी माणसाला लॉगआउट अडवणे योग्य वाटत नाही.

आता साधनाची निवड. तुमच्या ॲपसाठी मी रिडक्स टूलकिट घेईन, आणि दुकानांसाठी आरटीके क्वेरीऐवजी टूलकिटमधील क्रिएट-एंटिटी-ॲडॅप्टरने बांधलेला स्वतःचा स्लाइस (स्टोअरचा एक भाग) ठेवीन, कारण दुकानांची प्रत आणि रांग एकाच ॲक्शनवर हलायला हवीत. या ॲडॅप्टरमध्ये नोंदी क्रमांकांखाली एकदाच साठतात आणि क्रमांकांची यादी वेगळी राहते, त्यामुळे तुमच्या मूळ दोषाला कारण झालेल्या प्रती निर्माणच होत नाहीत. हे सर्व झुस्टँडमध्ये करता येणार नाही असे नाही. झुस्टँड हा स्थिती या अर्थाचा जर्मन शब्द आहे, ती लायब्ररी लहान आणि सुटसुटीत आहे, आणि दोन-चार गोष्टी वाटून घ्यायच्या असलेल्या ॲपला मी आधी तीच सुचवतो. परंतु जिथे पैशाची नोंद आहे तिथे प्रत्येक बदलाला नाव असणे मला आवश्यक वाटते. ‘वसुली नोंदवली’, ‘वसुली पाठवली’, ‘वसुली पोहोचली’, ‘यादी आली’ अशा शेवटच्या पन्नास ॲक्शनची नावे आणि वेळा एका छोट्या मिडलवेअरने (प्रत्येक ॲक्शन वाटेत पाहणाऱ्या कोडने) जपून ठेवल्या आणि तक्रार आल्यावर त्या पाहिल्या, तर आकडा कुठे बिघडला ते तासाभरात सापडते. त्या यादीत दुकानदाराचे नाव किंवा फोन नंबर जाऊ देऊ नका, नोंदीचा क्रमांक पुरतो.

रिडक्स शिकताना एक सावधगिरी बाळगा. शोधल्यावर सापडणारे पुष्कळ लेख जुन्या पद्धतीचे आहेत, ज्यांत क्रिएटस्टोअर, लांबलचक स्विच-केस आणि प्रत्येक ॲक्शनसाठी वेगळी फाइल असते. रिडक्स टूलकिटची पहिली पूर्ण आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि २०२२ मध्ये क्रिएटस्टोअरवर कालबाह्य अशी खूण करण्यात आली. टूलकिटमध्ये इमर ही लायब्ररी अंतर्भूत असल्यामुळे रिड्यूसरमध्ये थेट बदलल्यासारखे लिहिता येते आणि प्रत्यक्षात नवे स्टेट तयार होते. अट एवढीच की एक तर मिळालेल्या ड्राफ्टमध्ये (स्टेटच्या कच्च्या प्रतीत) बदल करावा किंवा नवे स्टेट परत द्यावे, दोन्ही एकदम करू नये. स्टोअरमध्ये तारीख ठेवताना ती आयएसओ मजकुराच्या रूपात ठेवा, डेट ऑब्जेक्ट ठेवू नका, कारण साठवून परत आणल्यावर तो ऑब्जेक्ट उरत नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि दिवसअखेरच्या हिशेबात हा फरक कधी तरी वर येतोच.

वेगाविषयी फार लिहीत नाही, पण एक चूक इतकी सर्रास होते की ती सांगतो. स्टोअरमधून माहिती वाचणारा यूजसिलेक्टर हा हुक (रिॲक्टमधील खास फंक्शन) मागचे आणि आताचे उत्तर एकच आहे का हे काटेकोर तुलनेने पाहतो. त्याच्या आत तुम्ही फिल्टर किंवा मॅप केले की दर वेळी नवा ॲरे (यादी) तयार होतो, तुलना फसते, आणि स्टोअरमध्ये कुठेही काही बदलले तरी ती स्क्रीन पुन्हा रेंडर होते. असे गाळलेले उत्तर क्रिएटसिलेक्टरने बांधा, म्हणजे मूळ माहिती बदलेपर्यंत तेच उत्तर परत मिळेल. फ्लॅटलिस्टला (लांब यादी दाखवणाऱ्या कंपोनंटला) फक्त क्रमांकांची यादी द्या, आणि प्रत्येक ओळीच्या कंपोनंटने आपल्या क्रमांकाचे दुकान आणि बाकी स्वतः निवडावी. ओळीचा कंपोनंट मेमोमध्ये गुंडाळा, म्हणजे त्याचे प्रॉप्स तेच असतील तर यादीमुळे तो पुन्हा रेंडर होणार नाही. मग सत्तरीतील होंडा गावातल्या एका दुकानाची वसुली नोंदवल्यावर त्या एकाच ओळीचे काम होते, उरलेल्या यादीला स्पर्श होत नाही.

हा बदल एकाच दमात करू नका. चालू ॲप सगळे उलगडून पुन्हा विणायला घेतले की दोन महिने काही दाखवता येत नाही आणि वितरकाचा धीर सुटतो. आधी नेव्हिगेशनमधून क्रमांक पाठवणे सुरू करा. मग दुकानांचा स्लाइस आणि बाकी काढणारा सिलेक्टर आणा आणि तिन्ही स्क्रीन त्यावर घ्या. इथपर्यंत आल्यावर तुमची मूळ तक्रार मिटलेली असेल. त्यानंतर रांग, आणि सर्वांत शेवटी साठवण व रूपांतर. ऑर्डरचा फॉर्म, शोध, खिडक्या यांना हात लावू नका, ते जिथे आहेत तिथे बरोबर आहेत.

प्रत्येक टप्प्यावर चाचणी साध्या फोनवर करा. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत पार्श्वभूमीतील प्रोसेसची मर्यादा शून्यावर आणता येते. ती आणा, वसुली अर्धी भरा, कॅमेरा किंवा दुसरे ॲप उघडा, परत या आणि काय उरले ते पाहा. फ्लाइट मोडमध्ये तीन वसुल्या नोंदवा, ॲप बंद करा, उघडा, नेटवर्क द्या, आणि पाठवत असतानाच पुन्हा फ्लाइट मोड लावा. सर्व्हरवर बरोबर तीन नोंदी असल्या पाहिजेत आणि तिन्ही स्क्रीनवर एकच बाकी. रिड्यूसर आणि सिलेक्टर ही शुद्ध फंक्शने असल्यामुळे १,५०० रुपयांचे वरचे उदाहरण, हरवलेल्या उत्तरासह, जेस्ट या चाचणी-साधनात दहा ओळींत लिहिता येते. ती चाचणी सर्वांत आधी लिहा आणि ती नापास होताना पाहा, मग कोड लिहा.

वेळापत्रकाविषयी एक विनंती. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे तीन-चार आठवडे किराणा-वितरकाकडे ऑर्डरींचा लोंढा असतो आणि थकबाकीचे व्यवहारही त्याच काळात सर्वाधिक होतात. साठवलेल्या स्टेटचा आकार बदलणारे अपडेट त्या काळात सोडू नका. ते त्याच्या किमान महिनाभर आधी दोन सेल्समनच्या फोनवर चालू द्या, त्यांतला एक रोज सत्तरीत जाणारा असू द्या, आणि त्याच्या रांगेत संध्याकाळी किती नोंदी शिल्लक राहतात ते पहिला आठवडा रोज पाहा.